आमच्यामागे हिचा योगक्षेम

संतती वयात आली, आपल्या पायांवर उभी राहिली, म्हणजे प्रपंचाची धुरा तिच्या खांद्यावर ठेवून आईबापांनी हळूहळू मोकळे व्हावे, अशी आपल्या गृहस्थाश्रमाची रचना आहे. केस पिकू लागले व नातवाचे मुख पाहिले की गृहस्थाने वनाकडे दृष्टी वळवावी, असे मनूने सांगितले त्यातील अभिप्राय हाच. परंतु ज्या घरात तीस-पस्तीस वर्षांची मुलगी अजून आईचा पदर धरून असते, पैशाचा हिशोब जिला कळत नाही आणि एकटीने रस्ता ओलांडणे जिला साधत नाही, त्या घरच्या गृहस्थाने मोकळे तरी कोणत्या दिवशी व्हावे? त्याचेही केस पिकतात, गुडघे दुखू लागतात. पण वानप्रस्थाचे नाव काढण्याची त्याला सोय नसते. रात्री दिवा मालवल्यावर ती दोघे नवराबायको एकमेकांस एकच प्रश्न विचारतात, आणि पुष्कळदा न विचारताच कूस बदलतात: आपल्यामागे हिचे कोण?

भिलाईच्या रुआबांधा वसाहतीतील एका घरात हा प्रश्न ठेवून पाहू. घर कल्पनेतील आहे. पण त्यात जे घडते ते त्या वसाहतीत, किंबहुना देशातील कोणत्याही कारखान्याच्या वसाहतीत, खरोखर घडू शकेल असेच आहे. भिलाईचा पोलाद कारखाना १९५५ साली सोव्हिएत रशियाशी झालेल्या करारातून उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. दुर्ग जिल्हा १९५६ पर्यंत नागपूर ही राजधानी असलेल्या राज्यात मोडत असे, आणि मुंबई-हावडा लोहमार्ग नागपुराहून सरळ दुर्गास येतो. त्यामुळे विदर्भातील मराठी कुटुंबांना भिलाई कधी परदेश वाटली नाही. तथापि भावकी मागे गावी राहिली. येथे भोवती शेजार मिळाला तो सगळ्या भारताचा: तेलुगू, बंगाली, मल्याळी, छत्तीसगढी. पुढची पिढी शिकली आणि पुण्याला, हैदराबादला निघून गेली. कारखान्याचे घर मुळात नोकरीपुरते. अशा घरातून निवृत्त झालेला गृहस्थ, त्याची पत्नी आणि बौद्धिक वाढ अपुरी राहिलेली त्यांची मुलगी अशी तीनच माणसे मागे उरली, तर ज्या एकत्र कुटुंबाच्या भरवशावर आपल्या आजोबा-पणजोबांनी हा प्रश्न कधी मोठ्याने उच्चारला नाही, ते कुटुंब येथे नसते.

हा गृहस्थ प्रथम म्हणतो, "मी तिचा बाप आहे. मला आणखी कोण पालक नेमणार?" त्याचे म्हणणे स्वाभाविक आहे, मात्र ते कायद्याला धरून नाही. १८७५ च्या कायद्याने अठराव्या वर्षी माणूस सज्ञान होतो, आणि जन्मदाता म्हणून असलेले बापाचे पालकत्व त्या दिवशी संपते. मुलीला दोन आकडी बेरीज येत नसली तरीही ते संपते. ('सज्ञान' हा शब्द कायद्याने किती उदारपणे वाटून टाकला आहे, हे गीतेच्या अभ्यासकास वेगळे सांगावयास नको.) बहुतेक घरांत ही गोष्ट कित्येक वर्षे कोणाच्या ध्यानातही येत नाही, कारण आई जेवू घालते, बाप औषध आणतो आणि कागद कोणी मागत नाही. कागद मागितला जातो तो बँकेत, नोंदणी कचेरीत, निवृत्तिवेतनाच्या खिडकीवर. १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत, मृत कर्मचाऱ्याचे अपत्य कायमचे व पूर्णतः अपंग असेल तर त्यास वयाची मर्यादा न लावता निवृत्तिवेतन मिळण्याची तरतूद आहे. पण ते वेतन त्या मुलीच्या नावे घ्यावे कोणी? बापाने मृत्युपत्रात लिहून ठेवले की "थोरला मुलगा बहिणीस सांभाळील", तर त्याने मुलाला आपली इच्छा कळते; त्याने तो मुलगा कायद्याने पालक होत नाही. मृत्युपत्राने पालक नेमण्याचा अधिकार बापाला आहे, तो अज्ञान अपत्यापुरता.

येथे जुन्या शास्त्राकडे वळून पाहणे अगत्याचे आहे, आणि ते प्रांजळपणे पाहिले पाहिजे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात जन्मांध, बधिर, मूक, उन्मत्त, जड अशांना दायभाग नाकारलेला आहे. मात्र त्यांना यावज्जीव अन्नवस्त्र द्यावे व न देणारा पतित होतो, असे तेथेच लगेच सांगितले आहे. याज्ञवल्क्याचेही मत थोड्याफार फरकाने हेच. आपण पुष्कळदा यातील दुसरा अर्धा भाग अभिमानाने सांगतो आणि पहिला गिळून टाकतो. उलट शास्त्राचे निंदक पहिला सांगतात व दुसरा सोडतात. दोन्ही एकत्र ठेवले म्हणजे एक गोष्ट उघड होते. ज्याला स्वतःचे धनच नाही, त्याच्या धनाचा रक्षक नेमण्याचे कारण पडत नाही. म्हणून स्मृतींत आणि कौटिल्याच्या अर्थशास्त्रात बालकाच्या धनाचे रक्षण सापडते (राजाने ते राखावे, गावच्या वृद्धांनी ते बालक व्यवहारास योग्य होईपर्यंत वाढवावे), परंतु वयाने वाढलेल्या व बुद्धीने लहान राहिलेल्या माणसाच्या धनाचा विचार त्याच तपशिलाने केलेला आढळत नाही. त्याला भाकर होती, वाटा नव्हता. १९२८ च्या कायद्याने हिंदूंच्या वारसाहक्कातील असे बहुतेक अडसर दूर केले, तरी जन्मतः वेड्या वा जड असलेल्यास त्यानेही वगळले होते. तो शेवटचा अडसर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने काढला. रोग, व्यंग वा विकृती यांमुळे आता कोणीही वारसास मुकत नाही. रुआबांध्याच्या त्या मुलीस भावाइतकाच वाटा आहे. तिचा प्रश्न आज इतका बिकट वाटतो त्याचे एक कारण हे की तो न्यायाने मोठा झाला आहे.

आणि आश्रिताला नुसती भाकर देणाऱ्या घरांत काय होत असे, हे आपल्याच पुराणांनी लपवलेले नाही. भागवताच्या पाचव्या स्कंधातील जडभरताची कथा वैराग्याचा दाखला म्हणून कीर्तनांतून ऐकली जाते. ती एकदा त्या घराच्या बाजूने वाचावी. आंगिरस गोत्राच्या एका ब्राह्मणास थोरल्या पत्नीपासून नऊ मुलगे आणि धाकटीपासून जुळे, एक मुलगा व एक मुलगी. हा धाकटा मुलगा जगाला जड, मूक, बधिर असा दिसतो. बाप महिनेच्या महिने त्याला गायत्री शिकवीत बसतो आणि तो काही शिकत नाही, पण बाप शिकवणे सोडीत नाही. एक दिवस बाप मरतो. आई आपली दोन्ही लेकरे सवतीच्या हाती सोपवते आणि पतीच्या मागे जाते. पुढे भाऊ काय करतात? ते दुष्ट नाहीत, वेदकर्मात निपुण आहेत. ते त्याला शिकवणे थांबवतात, आणि शेतात राबवतात. कण्या, पेंड, कोंडा, भांड्याला करपून चिकटलेला भात असे जे उरेल ते त्याच्यापुढे ठेवतात. रात्री शेत राखावयास तोच. तेथूनच एका दरोडेखोर नायकाची माणसे त्याला देवीपुढे बळी द्यावयास दोरीने बांधून नेतात, आणि घरात कोणी त्याला शोधावयास निघाल्याचे कथेत नाही.

तो ज्ञानी होता, त्याला करपलेला भात अमृतासारखा होता, हे खरे. पण भावांना ते ठाऊक नव्हते. त्यांनी जे केले ते एका जड माणसाला केले, आणि त्यांच्या कर्माचा हिशोब त्याप्रमाणेच मांडला पाहिजे. कथेत आईने लेकरू कोणाच्या तरी हाती सोपवले, परंतु ते घेणाऱ्याने पुढे काय केले हे पाहणारा कोणी ठेवला नाही. आणि सोपवताना त्या मुलाला कोणी काही विचारले नाही.

गीतेच्या वाचकास याच्या उलट बाजूचा एक बाप परिचित आहे, जरी त्याच्याकडे बाप म्हणून आपण क्वचित पाहतो. गीतेतील पहिला उद्गार जन्मांध धृतराष्ट्राचा. अंध म्हणून त्याला राज्याधिकार नाकारला गेला, हे आदिपर्वात आलेच आहे. त्याचा जन्मदाता व्यास. युद्ध समोर उभे राहिले तेव्हा व्यास आपल्या या वृद्ध, अंध पुत्राकडे येतात आणि त्याला दृष्टी देऊ करतात. ते देऊ करतात, देऊन टाकीत नाहीत. धृतराष्ट्र म्हणतो, आप्तांचा वध पाहावा असे मला वाटत नाही. परंतु युद्धाचे वृत्त मात्र संपूर्ण ऐकावे अशी इच्छा आहे. व्यासांसारख्या सर्वज्ञाने येथे "तुझे हित मला अधिक कळते" असे म्हटले असते तर त्यांना कोण अडवणार होते? त्यांनी पुत्राचा नकार मान्य केला, आणि त्याला जेवढे हवे होते तेवढेच पुरवणारा माणूस नेमला. संजयाला दिव्य दृष्टी मिळाली ती या व्यवस्थेतून, आणि त्या व्यवस्थेमुळेच गीता आपल्यापर्यंत आली.

संजयाचे वर्तनही पाहण्यासारखे आहे. तो राजाचे डोळे होतो, राजाचे राज्य घेत नाही. जे घडले ते सांगतो, आणि हा अनर्थ तुझ्याच दोषाने ओढवला असे तोंडावर सुनावतो. खोटा दिलासा देत नाही. पुढे राज्य गेले, पुत्र गेले, राजा वनात निघाला, तेव्हा ज्याच्यापासून आता काहीच मिळावयाचे नव्हते त्या म्हाताऱ्याचा हात धरून खडकाळ वाटेने तो चालतो. शेवटी वणवा आला तेव्हा धृतराष्ट्रानेच त्याला दूर निघून जाण्यास सांगितले. धृतराष्ट्राचे निर्णय चांगले होते असे कोणी म्हणणार नाही. पण ते अंधत्वाने बिघडले नव्हते. पुत्रमोहाने बिघडले होते, आणि पुत्रमोहाला डोळस माणसेही तितकीच बळी पडतात. निर्णय चुकतो एवढ्या कारणाने निर्णयाचा अधिकार काढून घ्यावयाचा, तर आपल्यापैकी किती जणांकडे तो उरेल?

आश्चर्य असे की सांप्रतचा कायदा हळूहळू याच वाटेने चालला आहे. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविध अपंगत्व असलेल्यांसाठी १९९९ साली राष्ट्रीय न्यासाचा अधिनियम झाला. त्यानुसार स्थानिक स्तर समिती असते, आणि तिच्यात तीन जण: जिल्हाधिकाऱ्याहून खालच्या दर्जाचा नसलेला अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक स्वतः अपंग असलेली व्यक्ती. रुआबांध्याच्या गृहस्थास त्यासाठी दुर्ग या जिल्ह्याच्या ठिकाणाकडे वळावे लागेल. न्यायालयाची पायरी चढावी लागणार नाही. आईबाप वा नातलग आपल्या पसंतीच्या माणसाचे नाव सुचवू शकतात. समितीने मात्र आधी दोन गोष्टी पाहावयाच्या: या व्यक्तीस पालकाची गरज आहे काय, आणि असल्यास कोणत्या कामापुरती. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांच्या आत तिच्या मालमत्तेची यादी द्यावयाची, आणि पुढे दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशोब. त्याने हेळसांड केली वा धन गिळले, तर त्याला काढण्यासाठी आईबाप, नातलग अथवा नोंदणीकृत संस्था अर्ज करू शकते. जडभरताच्या आईला ही सोय नव्हती.

नंतर भारताने २००७ साली अपंगांच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार मान्य केला, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने मर्यादित पालकत्वाची कल्पना आणली. ठरावीक निर्णयापुरते, ठरावीक काळापुरते, परस्परविश्वासाने आणि त्या व्यक्तीच्या इच्छेला धरून दोघांनी मिळून निर्णय करावा, असे तिचे स्वरूप आहे. दोन कायद्यांचा सूर एकच नाही. पहिला सांभाळ करणारा आहे, दुसरा सोबत करणारा. पण पहिल्यातही गरज आणि प्रयोजन विचारण्याची जी अट आहे, ती मनापासून पाळली तर दोहोंतील अंतर वाटते तेवढे राहत नाही.

या अटीचे महत्त्व महाराष्ट्राला एका दुःखद प्रसंगाने कळले आहे. १९९४ साली शिरूर येथील शासकीय गृहातील मतिमंद मुलींच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया पुण्याच्या ससून रुग्णालयात करण्यात आल्या आणि राज्यभर वादळ उठले. करणाऱ्यांच्या दृष्टीने त्यामागे मुलींच्या स्वच्छतेचे कारण होते. शरीर ज्यांचे होते, त्यांच्या इच्छेला मात्र त्या हिशोबात जागा नव्हती. पुढे २००९ साली, चंदीगडच्या शासकीय गृहातील एका सौम्य बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुणीच्या गर्भपाताचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा तिच्या संमतीवाचून तो करता येणार नाही असा निर्णय झाला. पालकत्व घेणाऱ्या शासनालाही तिच्या 'नाही' पलीकडे जाता आले नाही.

आता नाव कोणाचे सुचवावे? भाऊ, असे उत्तर आपल्या जिभेवर तयार असते. बहुधा ते बरोबरही असते. भावाइतके तिला ओळखणारे दुसरे कोण? तरीही त्या गृहस्थाने थोडे थांबावे. भाऊ त्याच घराचा सहवारस आहे. त्याच्या मनात काही नसले तरी, घर विकण्याचा प्रसंग आला म्हणजे एकाच माणसाला विकणारा आणि विकू न देणारा अशा दोन्ही भूमिका वठवाव्या लागतात. हे ओझे चांगल्या मुलावर घालणे हाही एक प्रकारचा अन्यायच. यास्तव पैशाची व्यवस्था एका न्यासाकडे आणि माणसाची काळजी दुसऱ्या हाती, अशी विभागणी करता येते. १८८२ च्या न्यास अधिनियमाने तशी सोय आहे. सुनेचे मत न विचारता मुलाचे नाव लिहून देणारे सासरे पुष्कळ. नाव मुलाचे लागते, आणि अंघोळ घालावयास येते सून. तिला आधी विचारलेले नसते, मग तिच्याकडून प्रेमाची अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी? वयाचाही विचार हवा. सत्तरीच्या काकांचे नाव सुचवणे म्हणजे प्रश्न दहा वर्षे पुढे ढकलणे. आणि पालक पुण्यास राहणार असेल तर मुलीने रुआबांधा सोडावयाचा काय? जिला वाचता येत नाही, तिला त्या वसाहतीतले प्रत्येक वळण, दूधवाला, शेजारची मल्याळी अम्मा आणि तिच्या घरची घंटा पाठ असते. आपल्याला जे केवळ बिऱ्हाड बदलणे वाटते, त्यात तिचे सर्व पाठांतर पुसले जाते.

काही भाविक गृहस्थ ही सगळी खटपट टाळतात आणि म्हणतात की भगवंताने योगक्षेम वाहण्याचे अभिवचन दिले आहे, मग कचेरीत अर्ज कशाला? अप्राप्ताची प्राप्ती तो योग आणि प्राप्ताचे रक्षण तो क्षेम, असा आचार्यांनी त्या शब्दाचा अर्थ केला आहे. ते अभिवचन अनन्य भक्ताला आहे, आणि त्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण ज्या भगवंताने ते दिले, तो ते देताना हाती लगाम धरून बसला होता. अर्जुनाने रथ दोन सैन्यांच्या मध्ये न्यावयास सांगितले, तेव्हा तो त्याने तेथे नेला. आणि अठराव्या अध्यायाच्या अखेरीस, गुह्याहून गुह्य ज्ञान सांगून झाल्यावर, याचा पुरता विचार करून तुला वाटेल तसे कर असे म्हणून निर्णय त्याच्यावरच सोडला. आपल्या भीतीला शरणागतीचे नाव देऊन तीस वर्षे अर्ज न करणाऱ्याने हा प्रसंग पुन्हा वाचावा.

म्हणून दुर्गास जाण्यापूर्वी त्या घरात एक गोष्ट व्हावयास हवी, आणि ती सर्वांत अवघड आहे. मुलीला विचारावे. "आम्ही नसू तेव्हा तू कोणाकडे राहशील?" हा प्रश्न तिला कळणार नाही असे बाप म्हणेल, आणि एका बैठकीत तो कळणारही नाही. मरण हा शब्द तिला ठाऊक असतो, त्याचा अर्थ ठाऊक असेलच असे नाही. मग उलट बाजूने जावे. कोणाच्या घरी ती रात्री निवांत झोपते, कोणाच्या हातचे जेवते, कोण आले की दाराआड जाते, हे पाहावे. जिला मुळीच बोलता येत नाही, तिचेही झोपणे आणि दाराआड जाणे हे बोलणेच आहे. आई ते गेली तीस वर्षे वाचीत आली आहे. ते तिने एका वहीत लिहून ठेवावे: औषधाची मात्रा, वीज कडाडली की काय करावे, केस कोणत्या तेलाने विंचरलेले आवडतात. पालक कोणीही होवो, समितीच्या आदेशाबरोबर ही वही त्याच्या हाती पडली पाहिजे.

आणि समजा, असे सहा महिने पाहिल्यावर आईबापांच्या लक्षात आले की ती भावाचे नाव घेत नाही. ती शेजारच्या अम्माच्या मुलीचे नाव घेते, जी लहानपणापासून तिच्याबरोबर अंगणात खेळली आणि आता दुर्गास शाळेत शिकवते. भाऊ दुखावेल. जातीचे, भाषेचे, 'लोक काय म्हणतील' याचे प्रश्न निघतील. कायद्याला त्यांत अडचण नाही. आईबापांच्या पसंतीची कोणतीही योग्य व्यक्ती चालते. पुण्याहून आलेल्या मुलाला समोर बसवून ही गोष्ट त्याला सांगण्याचे काम मात्र बापाचे आहे, आणि ते त्याने मुलीच्या देखतच करावे.